हुंड्यात गाव: वसई किल्ल्यातल्या लेकी, सुना आणि विधवा

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ना' जरा कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

विरार लोकलमध्ये उभे असाल तर आधी बॅग पुढे घ्या, मग ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगी आली. माझं आयकार्ड बघितलं, आडनाव वाचलं आणि म्हणाली, "अय्या, म्हणजे तुमचे पूर्वज पोर्तुगीज! किल्ल्यात राहायचे का?" मी हसले. हा प्रश्न मला शाळेपासून येतोय. वसईतल्या कुठल्याही परेराला, लोपीसला, डिमेलोला विचारा, त्यालाही येत असणार. आणि खरं सांगू, लहानपणी मलाही वाटायचं की किल्ल्यातला एखादा पडका वाडा आमचाच असेल. शाळेची सहल गेली की मी मनातल्या मनात खोल्या वाटून घ्यायचे. ही माझी, ही आजीची.

मग कधीतरी वाचायला लागले आणि कळलं की त्या वाड्यांचं आणि आमच्या घराचं नातं होतं, पण रक्ताचं नव्हतं. ते कसलं होतं, हा आजचा विषय. किल्ल्यातली श्रीमंत घराणी कोण होती, त्यांची लग्नं कशी जुळायची, आणि त्या लग्नांमधून आपली गावं, हो, आपलीच, गास, निर्मळ, आगाशी अशा पट्ट्यातली गावं कशी हातोहात फिरायची.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्यावर मुघल बादशाह हुमायूनचं संकट होतं, म्हणून त्यानं पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई त्यांना देऊन टाकली. वसईबरोबर साष्टी आली, मुंबईची बेटंही आली. तेव्हा मुंबई म्हणजे वसईच्या ताटातली चटणी, हे आपण वसईकरांनी विसरायचं नाही.

आता पोर्तुगालच्या राजाकडे इथे जमीन आली, पण सैन्याला द्यायला पैसा कमी. मग त्यानं काय केलं, तर गावं वाटली. लढाईत कामगिरी केलेल्या सरदाराला, अधिकाऱ्याला एक गाव, कुणाला तीन-चार गावं. गावाचा मालक राजाच. या माणसानं दर वर्षी ठरलेला खंड भरायचा आणि गावातून जे पिकेल ते वसूल करायचं. त्या खंडाला पोर्तुगीजमध्ये म्हणायचे 'फोरो'. मुंबईतला फोरास रोड ठाऊक असेल, ते नाव याच शब्दावरून आलंय. बदल्यात त्या माणसानं घोडा आणि शस्त्रं तयार ठेवायची, आणि वेळ आली की लढायला उतरायचं.

इंग्रजीत ज्याला प्लँटेशन म्हणतात, वेस्ट इंडीजमधल्यासारखे एका मालकाचे मैलोन्‌मैल उसाचे मळे, तसं चित्र इथे अगदी नव्हतं. इथे भात होता, नारळ होते, ऊस होता, मीठ होतं, आणि कसणारी माणसं त्याच गावातली. पण मालक किल्ल्यात राहतो, पीक किल्ल्याकडे जातं आणि कसणाऱ्याला विचारत कुणी नाही, ही चौकट ओळखीचीच आहे.

गंमत पुढे आहे. हा पट्टा साधारणपणे तीन आयुष्यांसाठी असायचा. म्हणजे ज्याला मिळालं तो, त्याच्यानंतरचा वारस आणि त्यानंतरचा वारस. मग गाव परत राजाकडे, किंवा खटपट करून नवीन सनद. आता विचार करा, वारस मुलगा नसेल तर? आणि मुलगा नसणं हे इथे फार सामान्य होतं. पुरुष लढाईत मरायचे, समुद्रात मरायचे, तापानं मरायचे. मुली लहान वयात मोठ्या वयाच्या माणसांना दिलेल्या असायच्या, त्यामुळे मागे उरायच्या बायका. विधवा आणि लेकी.

म्हणून गावं बायकांच्या नावावर यायला लागली. पण अनेक सनदांमध्ये त्याला एक शेपूट असायचं: मुलगी वारस असेल तर तिनं पोर्तुगीज माणसाशीच लग्न करायचं, आणि तेही सरकारची परवानगी काढून. कारण उघड आहे. घोडा घेऊन लढायला कोण येणार? तिचा नवरा. जमीन गोऱ्या पोर्तुगीजांच्या हातातून बाहेर जाऊ नये म्हणून मुलीचं लग्न हे कुलूप. सहीशिक्क्याच्या कागदावर गाव तिचं, पण त्या गावाची किल्ली ती ज्याच्याशी लग्न करेल त्याच्या खिशात.

लिस्बनहून तर मुद्दाम मुली पाठवल्या जायच्या. त्यांना 'राजाच्या अनाथ मुली' म्हणायचे. राजाच्या सेवेत बाप मेलेल्या, बऱ्या घरच्या मुली. १५४० च्या दशकात पहिल्या मुली गोव्याला आल्या आणि पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ, एका वेळी मोजक्याच, पण येत राहिल्या. सरकार त्यांना हुंडा द्यायचं. हुंडा काय, तर कधी थोडी जमीन आणि बऱ्याचदा एखादी सरकारी नोकरी. नोकरी मुलीला नाही हं! तिच्याशी जो लग्न करेल त्याला. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, वाटेत निम्मी माणसं आजारी, आणि उतरल्यावर कळणार की आपण कुणाच्या बढतीचा कागद आहोत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाईल बाजूला ठेवावा लागला.

हेच मॉडेल पोर्तुगीजांनी आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये झांबेझी नदीच्या काठी वापरलं. तिथेही तीन आयुष्यांचे पट्टे, तिथेही लेकीकडून लेकीकडे वारसा, तिथेही पोर्तुगीज नवऱ्याची अट. तिथल्या जमीनदारीणींना 'दोना' म्हणायचे आणि त्यांच्यातल्या काही इतक्या बलदंड झाल्या की स्वतःचं सैन्य बाळगायच्या. गोव्याची घराणीही तिथे जाऊन सोयरिकी करून बसली. पण तो वेगळा एपिसोड होईल, आपण वसईला परत येऊ.

एक लग्न बघायला चला. साल १६९५, महिना फेब्रुवारी. इटलीचा एक प्रवासी जगभर भटकत वसईत आलाय, जेमेल्ली करेरी त्याचं नाव. शिक्षणानं वकील. तेव्हा वसईची शान उतरणीला लागली होती. साथीच्या रोगानं किल्ल्यातला काही भाग ओस पडला होता. पण श्रीमंतांचा थाट शाबूत होता. वीस वर्षं आधी आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर यानं तिथल्या दुमजली घरांचं, सज्जांचं आणि काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ काप बसवलेल्या खिडक्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. शिंपल्यातून येणारा तो दुधी उजेड कसा दिसत असेल, मी नेहमी विचार करते.

तर करेरी इथल्या एका चर्चमध्ये लग्नाला गेला. नवरी फ्रेंच फॅशनचे भारी कपडे घालून. फेब्रुवारीत! वसईत! आणि वाजंत्री म्हणून तुताऱ्या. त्यांचा सूर इतका रडका होता, असं करेरी लिहितो, की गुन्हेगाराला फाशी द्यायला नेताना वाजवतात त्यात आणि यात फारसा फरक नव्हता. आपल्याकडच्या लग्नातला बँड ऐकून मलाही कधीकधी असंच वाटतं, पण ते असो.

पुढे त्याला स्वतःलाच स्थळ आलं. किल्ल्यात वकिलांची टंचाई होती, आणि गावांच्या मालकीवरून भांडणं मात्र भरपूर. मग कुणीतरी म्हणालं, अरे, हा शिकलेला वकील आलाय, याला इथेच अडकवा. हुंडा ठरला वीस हजार स्पॅनिश चांदीची नाणी, शिवाय मठांची आणि सरदारांची वकिली. करेरीनं सांगितलं की याच्या पाच पट दिलेत तरी या उकाड्यात मी राहणार नाही. गेला निघून.

त्या मुलीचं नाव त्यानं लिहिलेलं नाही. तिला विचारलं होतं का, तेही नाही.

या सगळ्यात एक बाई मात्र अशी आहे जिचं नाव तहाच्या कागदात अडकून राहिलंय. तिचं नाव दोना इग्नेस द मिरांदा. आणि तिचं गाव कुठलं, तर मुंबई. आख्खं मुंबई बेट.

मुंबई बेट आधी एका डॉक्टरकडे होतं हे माहीत आहे का? गार्सिया द ओर्ता. त्यानं १५६३ मध्ये गोव्यात भारतातल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, फार प्रसिद्ध आहे ते. त्याला मुंबई खंडानं मिळाली होती. त्या पुस्तकात तो आपल्या मुंबईतल्या एका कुळाचा उल्लेख करतो, त्याचं आडनाव तोस्कानो. आता वसईतले माझे तुस्कानो मित्र टुणकन उडतील! थांबा, त्या मुद्द्यावर येतेच आहे.

पुढे शंभर वर्षांनी हे बेट होतं दोना इग्नेसकडे. दों रॉद्रिगो द मोन्सांतो याची ती विधवा. लोक तिला 'बेटाची बाई' म्हणजे बेटाची मालकीण म्हणायचे. आज फोर्टमध्ये नौदलाचा जो भाग आहे त्या बाजूला तिचा वाडा होता. आणि तिकडे, तिला न विचारता, युरोपात दुसरं एक लग्न ठरत होतं. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचा विवाह-करार झाला. पोर्तुगालला स्पेनविरुद्ध मित्र हवा होता. हुंड्यात काय काय दिलं, तर भरपूर रोकड, आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई बेट.

शाळेत आपण हे हसत हसत शिकतो, "मुंबई आंदण दिली". पण जरा इकडून बघा. मुंबई एका बाईकडे आधीच होती. नवऱ्याच्या मागे सांभाळत बसलेली विधवा, आणि एक दिवस कळतं की आपलं घर, आपली नारळाची झाडं, दुसऱ्या कुठल्यातरी नवरीच्या हुंड्यात गेली. दोघी बायका, दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नाही, आणि व्यवहार भलत्यांनीच केला.

वसई-गोव्यातले पोर्तुगीज बेट सोडायला तयारच नव्हते. इंग्रजांचं आरमार आलं, त्यांना टोलवाटोलवी केली. मुंबई म्हणजे नक्की किती बेटं यावर वाद घातला. बिचारे इंग्रज सैनिक अंजदीव बेटावर ताटकळत राहिले, त्यातले कितीतरी तिथेच मेले, त्यांचा सेनापती अब्राहम शिपमनही मेला. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला शिपमनचा सचिव हम्फ्री कुक यानं ताबा घेतला. आणि ताब्याच्या कागदावर सह्या कुठे झाल्या? दोना इग्नेसच्या वाड्यात. तिच्याच घरात बसून तिचं बेट दिलं गेलं.

पण बाई कच्ची नव्हती, किंवा तिची माणसं कच्ची नव्हती. हस्तांतराच्या अटींमध्ये एक कलम खास तिच्यासाठी आहे. त्याचा मतलब असा की बेटाच्या या मालकिणीच्या मिळकतीला इंग्रजांनी हात लावायचा नाही, तिचा मान ठेवायचा, तटबंदीसाठी तिचं घर हवंच असेल तर योग्य किंमत लगेच मोजायची, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांनाच ते मिळायचं. दोन राजांच्या व्यवहारात एका विधवेनं स्वतःचं कलम घुसवलं, ही छोटी गोष्ट नाही. पुढे तीनच वर्षांनी, १६६८ मध्ये, इंग्लंडच्या राजानं ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. म्हणजे राजानेही फोरोच घेतला म्हणायचा.

आता किल्ल्यात चला, शेवटचा मोठा थांबा. जेझुइटांचं जे चर्च आहे, ज्याचा दर्शनी भाग सगळ्यांच्या प्री-वेडिंग शूटमध्ये असतो, त्यात थडग्यांचे दगड आहेत. १८७६ मध्ये डॉ. जेर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसईवर पुस्तक लिहिलं आणि तिथले पोर्तुगीज लेख नीट वाचून छापले. त्यातला एक दगड इझाबेल द आगियार हिचा. विधवा, या कॉलेजची मोठी आश्रयदाती, मृत्यू २४ जानेवारी १५९१. दुसरा दोना फिलिपा द फोन्सेका हिचा. तीही विधवा, तीही आश्रयदाती, आणि पुढे लिहिलंय की तिनं जिवंतपणीच तिच्याकडचं सगळं या चर्चला देऊन टाकलं. मृत्यू २० जुलै १६२८.

सगळं. जिवंतपणी. मी त्या शब्दांवर खूप वेळ अडकले होते. भक्ती असेल, नक्कीच असेल. पण आणखी एक गोष्ट बघा. श्रीमंत विधवेपुढे रस्ते किती होते? परत लग्न करायचं, म्हणजे गावाची किल्ली परत नव्या माणसाच्या खिशात. नाहीतर दीर-भाच्यांशी कोर्टकचेरी. नाहीतर चर्चला द्यायचं. तिसऱ्या रस्त्यात निदान निर्णय तिचा होता, आणि नावाचा दगड मिळत होता. हे माझं मत आहे हं, दगडावर तसं लिहिलेलं नाही. पण असे निर्णय इतके झाले की सरकार हैराण झालं, कारण धर्मसंस्थांकडे गेलेलं गाव परत फिरत नाही आणि पाद्री घोड्यावर बसून लढायला येत नाही. राजानं पुन्हा पुन्हा मनाई हुकूम काढले. फार उपयोग झाला नाही.

आणि आपण कुठे होतो? म्हणजे गावात राहणारे, भात लावणारे, माडावर चढणारे? करेरीनं तेही लिहून ठेवलंय, आणि ते वाचून मला त्याच्या तुतारीच्या विनोदावर हसल्याचं वाईट वाटलं. तो म्हणतो, गावातले शेतकरी मालकांचे जवळपास गुलामच आहेत. जमीन कसायची, ठरलेलं भरायचं, आणि कुणी एका गावातून दुसऱ्या गावात पळून गेला तर मालक त्याला जबरदस्तीनं परत आणतो. म्हणजे मुलीबरोबर गाव हुंड्यात जायचं, आणि गावाबरोबर माणसं.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे किल्ला पडला. शरणागतीच्या अटींनुसार ज्यांना जायचं त्यांना आठ दिवसांत बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन जाऊ दिलं. ती घराणी गेली. बहुतेक गोव्याकडे, काही मुंबईत. जमीन गाठोड्यात बांधता येत नाही, त्यामुळे दोनशे वर्षं लग्नं लावून लावून जपलेली गावं एका आठवड्यात सुटली.

इथे राहिले ते कसणारे. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी, त्यातले ख्रिस्ती झालेले आणि न झालेले. आणि आमची आडनावं? ती बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. बाप्तिस्मा देणाऱ्या फादरचं किंवा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीजाचं आडनाव लागायचं. लग्नं मात्र आमची आपापसातच होत राहिली, कुपारी कुपारीत, वाडवळ वाडवळात, अगदी आजी-आजोबांपर्यंत. मिश्र लग्नं झाली नाहीत असं नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया, जे १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईची. पण अशा घरांतल्या मुलांसाठी हुंड्यातली गावं नव्हती. तर तुस्कानो मंडळी, नाव तेच, नातं मालक-कुळाचं असण्याची शक्यता जास्त.

त्या ऑफिसातल्या मुलीला मी हे सगळं लंच टाइममध्ये सांगितलं. ती म्हणाली, "मग नाव बदलत का नाही?" मी म्हटलं, चारशे वर्षं आम्ही ते वापरलंय, आता ते आमचंच.

एक गोष्ट सांगते आणि थांबते. दोन वर्षांपूर्वी आमची वाडी बिल्डरला द्यायचं ठरलं. केळीची वाडी, एक विहीर, कडेला पानवेली. सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव, मृत्युपत्र नाही. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यानं ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे आमच्या आत्येचा वाटा बाबांइतकाच. पण घरात कुणी तसं बोललं नाही. सगळे म्हणत होते, "ताईची सही लागेल." सही म्हणजे हक्कसोडपत्रावर. सब-रजिस्ट्रार ऑफिसात आत्या सकाळपासून बसलेली, लुगड्याचा पदर सारखा नीट करत. माझ्या हातात तेव्हा फोनवर फिलिपा द फोन्सेकाच्या दगडाचा लेख उघडा होता, योगायोगानंच, मी या एपिसोडचं वाचन करत होते.

मी आत्येला विचारलं, "आत्या, तुला नकोय का वाटा?"

ती म्हणाली, "अगं, तुझ्या बापाशी बोलणं बंद झालं तर मी नाताळाला कुठे येऊ?"

आत नाव पुकारलं. तिनं अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढला, आणि बाहेर येऊन मला विचारलं की वाडीतली दोन केळीची खुंटं तोडायच्या आधी तिला मिळतील का. आम्ही ती रिक्षातून तिच्या घरी पोहोचवली. एक लागलं, एक मेलं.

तुमच्या घरात अशी सही कुणी केली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या भागात.